टायमर सगळ्यांना सारखा, पण वेळापत्रक कुणाचं?

मागच्या वर्षी शेगावच्या आमच्या अभ्यासिकेतला आठवीतला एक मुलगा पुण्याला रुबिक क्यूबच्या स्पर्धेला गेला. सोबत त्याचे वडील आणि आम्ही. रात्रभर जनरल डब्यात बसून सकाळी उतरलो. गाडीला उशीर झाला होता, त्यामुळे साडेआठची दोन बाय दोनच्या क्यूबची फेरी हुकली. मुख्य प्रकारात मात्र, म्हणजे तीन बाय तीनच्या क्यूबमध्ये, पोरगं पहिल्या फेरीतून दुसऱ्या फेरीत गेलं. आम्हाला कोण आनंद!

दुसरी फेरी दुपारी तीनला होती. साडेपाच वाजले तरी सुरू झाली नव्हती. परतीची गाडी संध्याकाळी. सभागृह शहराच्या एका टोकाला, स्टेशन दुसऱ्या टोकाला. वडील खामगावच्या बाजारात हमाली करतात. ते हळूच म्हणाले, "दादा, उद्या कामावर नाही गेलं तं मुकादम दुसऱ्याले घेते." आम्ही टेबलावर जाऊन सांगितलं की मुलगा थांबू शकत नाही. टेबलावरच्या मुलीने नम्रपणे नाव खोडलं आणि त्याच्या खालच्या क्रमांकाचा मुलगा दुसऱ्या फेरीत गेला. नियमच तसा आहे.

लक्षात घ्या, या सगळ्या प्रसंगात कुणीही नियम मोडला नाही. कुणी जात विचारली नाही, कुणी अपमान केला नाही. आणि तरीही जो बाहेर पडला तो हमालाचा मुलगाच होता. हा लेख लिहायचं कारण एवढंच.

हा अनुभव आम्ही काही जणांना सांगितला तेव्हा दोन तऱ्हेची उत्तरं आली. पहिलं उत्तर क्यूबवाल्यांचं : "प्रत्येक गोष्टीत जात आणू नका. क्यूबला जात नसते, टायमरला जात नसते. ज्याचा हात चालतो तो जिंकतो." दुसरं उत्तर आपल्याच माणसांचं : "पोरांनी स्पर्धा परीक्षा करायची सोडून रंगीत ठोकळे कशाला फिरवायचे?" दोन्ही उत्तरांचा हिशेब करू.

पहिल्या उत्तरात तथ्य आहे, आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. एर्नो रुबिक या हंगेरियन शिक्षकाने १९७४ साली हा ठोकळा तयार केला. १९८२ साली बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती मिन्ह थाई या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन तरुणाने २२.९५ सेकंदांत जिंकली. २००४ पासून वर्ल्ड क्यूब असोसिएशन या खेळाचे नियम ठरवते. हे नियम वाचले की मन प्रसन्न होतं. एका गटातल्या प्रत्येकाला क्यूब अगदी एकसारखाच विस्कटून मिळतो. पाहणीला प्रत्येकाला १५ सेकंद. आठव्या आणि बाराव्या सेकंदाला पंच मोठ्याने सांगतो. पाच प्रयत्नांतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट वगळून मधल्या तिघांची सरासरी धरतात, म्हणजे एखाद्या वेळी नशीब फळफळलं किंवा हात घसरला तरी निकाल त्यावर ठरत नाही. पाचशे-सातशे रुपयांत बऱ्यापैकी वेगाचा क्यूब येतो, शिकवणी मोबाइलवर फुकट मिळते. इथे मुलाखत नाही, आडनाव विचारणारा परीक्षक नाही, 'व्यक्तिमत्त्वा'चे गुण नाहीत. आमची पोरं या खेळाकडे ओढली जातात ती उगाच नाही. न्याय्य आणि समान परिस्थितीत स्पर्धा, हे तर या संघटनेने स्वतःच आपलं ध्येय म्हणून जाहीर केलं आहे.

मग आमचा प्रश्न असा : समान परिस्थिती कुठून कुठपर्यंत मोजायची? हात टायमरवर ठेवल्यापासून हात परत टायमरवर पडेपर्यंत? की घरातून निघाल्यापासून घरी पोहोचेपर्यंत?

मोठ्या स्पर्धेचं वेळापत्रक का कोसळतं, याचं गणित साधं आहे. समजा १२० स्पर्धक आहेत. प्रत्येकाचे पाच प्रयत्न म्हणजे ६०० वेळा क्यूब सोडवायचा. टेबलं १५ असतील तर एका टेबलावर ४० वेळा. क्यूब विस्कटणं, आणून ठेवणं, पाहणी, सोडवणं, वेळ लिहून सही घेणं, यात दोन मिनिटं धरली तर एका प्रकाराच्या एका फेरीला ८० मिनिटं लागतात. अधिकृत प्रकार १७ आहेत. स्पर्धेत त्यातले आठ-दहा ठेवले, लोकप्रिय प्रकारांच्या दोन-तीन फेऱ्या ठेवल्या, तर दोन दिवस घासून भरतात. प्रत्येक गटाला दहा मिनिटं उशीर झाला तर सहा गटांनंतर तासभर गेला. पंच म्हणून बसणारे, क्यूब विस्कटणारे, ने-आण करणारे बहुतेक स्पर्धकच असतात. सगळे बिनपगारी. त्यातले चार जण जेवायला गेले की चार टेबलं बंद पडतात. आयोजकही बहुधा कॉलेजची पोरं, खिशातले पैसे घालून सभागृह घेणारी. त्यांना आम्ही खलनायक ठरवत नाही.

पण हा उशीर कुणाच्या वाट्याला येतो, ते बघा. ज्याचं घर त्याच शहरात आहे त्याला दोन तासांचा उशीर म्हणजे बाबांना एक फोन : गाडी घेऊन जरा उशिरा या. ज्याने हॉटेलात खोली घेतली आहे त्याला आणखी एक रात्र. आणि ज्याला जनरल डब्यातून पाचशे किलोमीटर परत जायचं आहे, ज्याच्या बापाची सोमवारची मजुरी ठरलेली आहे, त्याला तोच उशीर म्हणजे स्पर्धेबाहेर. उशीर सगळ्यांना सारखाच झाला, त्याची किंमत मात्र एकानेच मोजली. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही बोर्द्यू वाचला, भांडवल फक्त पैशाचं नसतं हे शिकलो. हाताशी मोकळा वेळ असणं हेही भांडवल आहे, हे मात्र त्या सभागृहाच्या पायऱ्यांवर कळलं.

आणि हे फक्त शेवटच्या फेरीपुरतं नाही. नोंदणीपासूनच सुरू होतं. मोठ्या शहरातल्या स्पर्धेच्या जागा मर्यादित. नोंदणी ठरलेल्या मिनिटाला ऑनलाइन उघडते, जो आधी येईल त्याला जागा, उरलेले प्रतीक्षा यादीत. ज्याच्या घरी वायफाय आहे, कार्ड आहे, आणि घड्याळाकडे डोळे लावून बसायला आईबाप आहेत, तो आत. आमच्याकडे घरात एक मोबाइल, तोही बापासोबत कामावर. बाप घरी येईपर्यंत यादी भरलेली. तिथे तर क्यूब हातातही घेतलेला नसतो. तरी निवड होऊन गेलेली असते, आणि तिला म्हणायचं 'आधी येणाऱ्यास प्राधान्य'.

शेगावच्या माणसाला रांग शिकवावी लागत नाही. आमचा देवळाशी संबंध नाही, पण गावात दर्शनाला लाखो लोक येतात आणि ती गर्दी इथले सेवेकरी किती शिस्तीत हलवतात, हे सगळा महाराष्ट्र जाणतो. मोठी गर्दी आणि नीट व्यवस्था एकत्र नांदू शकतात, हे आम्ही रोज डोळ्यांनी बघतो. त्यामुळे "स्पर्धा मोठी झाली की असं होणारच" हे आम्हाला पटत नाही.

"टायमरला जात नसते" म्हणणाऱ्यांना पळवणकर बाळू आठवून द्यावा लागेल. चेंडूलाही जात नव्हती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण पुण्याच्या क्लबात त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२३ साली ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही भांडूनच. मैदानावर २२ यार्डांत समता होती, चहाच्या सुट्टीत नव्हती. आजच्या स्पर्धेत मातीचं भांडं नाही, हे आम्हाला माहीत आहे. आजचा प्रसंग आणि तो अपमान एकच आहेत, असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की खेळाचा नियम समान आहे म्हणून खेळाभोवतीची व्यवस्था समान होत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता : राजकारणात एक माणूस एक मत, एक मत एक मूल्य येईल, पण सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, आणि हा विरोध आपण लवकर मिटवला पाहिजे.

आता गंमत बघा. याच क्यूब संघटनेने अशाही स्पर्धा घेतल्या आहेत, जिथे जागांचा मोठा हिस्सा पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी राखून ठेवला जातो. का? कारण जुने, सरावलेले स्पर्धक सगळ्या जागा आधीच पटकावतात आणि नवा माणूस आत येतच नाही. हे त्यांना कळलं आणि त्यांनी उपाय केला. तेव्हा कुणी 'मेरिट मेलं' म्हणून ओरडलं नाही. कुणाचा टायमर मंदावला नाही. राखीव जागेमुळे माणूस दारातून आत येतो, क्यूब त्याला स्वतःलाच सोडवावा लागतो. आरक्षणाचं तत्त्व याहून सोप्या भाषेत आम्हालाही सांगता आलं नसतं.

आता दुसरं उत्तर, आपल्या माणसांचं. "रंगीत ठोकळे कशाला?" अहो, ज्या स्पर्धा परीक्षांसाठी तुम्ही पोरांना अभ्यासिकेत बसवता, तिथे वेगळं काय घडतं? २०२४ साली राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँकेची आयबीपीएस लिपिक परीक्षा एकाच दिवशी, २५ ऑगस्टला ठेवल्या गेल्या. ज्याच्या घरी आणखी दोन वर्षं पोसायची ऐपत आहे तो एक परीक्षा सोडू शकतो. ज्याला जी मिळेल ती नोकरी हवी आहे, त्याने दोन्ही अर्ज भरलेले असतात, दोन्हींची फी भरलेली असते. पोरं पुण्यात रस्त्यावर बसली, तेव्हा २२ ऑगस्टला आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. ती १ डिसेंबरला झाली. त्याआधी २०२३ ची तलाठी भरती : दहा लाखांहून जास्त अर्ज, ५७ सत्रं, प्रत्येक सत्राला वेगळी प्रश्नपत्रिका. मग गुणांचं सामान्यीकरण झालं आणि २०० पैकी २१४ गुण मिळाल्याचं राज्याने पाहिलं. कोणत्या सत्रात बसायचं हे तुमच्या हातात नाही, पण निकालात ते सत्र बोलतं.

म्हणजे वेळापत्रक हा कारकुनी कागद नाही. ठोकळा असो की तलाठीपद, कोण स्पर्धेत टिकेल याचा पहिला निकाल वेळापत्रकच लावतं. आणि आठवीतल्या पोराला हे समजावायला क्यूबच्या स्पर्धेइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तिथे बाकी सगळं खरोखर स्वच्छ आहे. शिवाय आमच्या पोरांनी प्रत्येक गोष्ट नोकरीसाठीच का करावी? खेळण्याचा, वेगाचा, हौसेचा हक्क काय फक्त प्रस्थापितांच्या मुलांना आहे?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत.

एक, मुख्य प्रकाराच्या सगळ्या फेऱ्या रविवारी दुपारी दोनच्या आत संपवा. शेवटी ठेवायचेच असतील तर ते प्रकार ठेवा ज्यांत मोजके, बहुतेक स्थानिक स्पर्धक असतात.

दोन, नोंदणीच्या वेळीच विचारा : कुठून येणार, परतीची गाडी किती वाजता? लांबून येणाऱ्याला पहिल्या फेरीत उशिराचा गट आणि पुढच्या फेरीत आधीचा गट द्या. गट तुम्हीच पाडता, मग यात एका रकान्याचं काम वाढेल, बस.

तीन, प्रकार कमी करा. दहा प्रकार कोंबून सगळं लांबवण्यापेक्षा सहा प्रकार वेळेवर घ्या. प्रत्येक दोन तासांमागे पंधरा-वीस मिनिटं मोकळी सोडा आणि जेवणाची सुट्टी खरी द्या.

चार, नोंदणी दोन-तीन दिवस उघडी ठेवा आणि अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाका. काही जागा पहिल्यांदा येणाऱ्यांना आणि लांबच्या जिल्ह्यांना राखून ठेवा. नियम आड येत असेल तर नियम बदलायची मागणी करा, आम्हीही करू.

पाच, स्पर्धा अकोल्याला, खामगावला, बुलडाण्यालाही घ्या. पुण्याच्या पोराने एकदा रात्रभर प्रवास करून सकाळी साडेआठला क्यूब हातात घेऊन बघावा.

आणि एक मागणी आपल्या समाजाकडे. प्रत्येक विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर सतरंजी तशीच राहू द्या. पोरांना क्यूब, बुद्धिबळ, जे आवडेल ते खेळू द्या. मोठ्यांनी पंचाचं काम शिकून घ्या. वेळापत्रक बनवणाऱ्यांत आपला माणूस बसल्याशिवाय वेळापत्रकात आपली गाडी दिसणार नाही. प्रतिनिधित्व विधानसभेत लागतं, तसंच ते गट पाडणाऱ्या टेबलावरही लागतं.

त्या रात्री परतीच्या डब्यात दाराजवळ बसून तो मुलगा क्यूब फिरवत होता. मोबाइलवर वेळ वडील धरत होते. मनमाड यायच्या आत त्याने सभागृहातल्या आपल्या सरासरीपेक्षा दोन सेकंद कमी वेळ काढली. वडिलांनी तो आकडा आम्हाला दाखवला आणि विचारलं, "दादा, हे कुठी लिहून ठेवत असतीन का?"

कुठेच लिहून ठेवत नाहीत. म्हणून इथे लिहिलं.

जय भीम!