बाळसे आणि वाढ

तान्हे मूल पाहावयास येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा वजनाचा असतो. जन्मवेळी तीन किलोग्रॅम भरलेले मूल चौथ्या दिवशी दोनशे ग्रॅमने कमी भरले, की घरात काळजी पसरते. ‘आईचे दूध पुरत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि मध, साखरेचे पाणी वा वरचे दूध यांची तजवीज सुरू होते.

वस्तुतः ही घट निसर्गक्रमाचाच भाग होय. अर्भक शरीरात जादा पाणी घेऊन जन्मास येते. ते पहिल्या काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडते. आतड्यांत साठलेला काळपट मलही निघून जातो. आईला या वेळी येणारा चीक प्रमाणाने थोडा, पण रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असतो. भरपूर दूध तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून येऊ लागते. म्हणून पूर्ण दिवसांच्या निरोगी मुलाचेही वजन शेकडा 5 ते 7, कधी 10 पर्यंत उतरते आणि बहुधा दोन आठवड्यांत पूर्ववत होते. घट याहून अधिक झाली, मूल मलूल पडले वा त्याची लघवी कमी झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. एरवी उपाय एकच : वारंवार अंगावर पाजणे. वरचे दिल्याने मूल कमी ओढते, आणि मूल कमी ओढू लागले की दूधही आटते. जी भीती होती, ती अशा रीतीने आपणच खरी करून दाखवतो.

पहिल्या आठवड्यातील भीती विरते. वजनालाच वाढ समजण्याची सवय मात्र टिकून राहते. तिचे परिणाम दूरचे असतात. दक्षिण दिल्लीत 1969 ते 1972 या काळात जन्मलेल्या मुलांची वजने व उंच्या वर्षानुवर्षे नोंदवून ठेवल्या होत्या. त्यांपैकी सुमारे दीड हजार जणांची वयाच्या 26 ते 32 वर्षांच्या दरम्यान तपासणी करून डॉ. भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना मधुमेह वा त्याची पूर्वावस्था जडली होती, ती माणसे दोन वर्षांची होईपर्यंत बहुधा कृश होती. पुढे उंचीच्या मानाने त्यांचे वजन इतरांपेक्षा लवकर व झपाट्याने चढत गेले होते. विशेष हे, की बाराव्या वर्षी त्यांपैकी कोणीही लठ्ठ या व्याख्येत बसत नव्हते. नुसत्या डोळ्यांना जे दिसले नसते, ते ओळीने ठेवलेल्या नोंदींनी दाखवले.

यावर कोणी म्हणेल, की जेथे अर्धपोटी मुले अजून आहेत, तेथे वजनवाढीविषयी सावधगिरी सांगणे हा विपर्यास होय. आक्षेप रास्त आहे. पण येथे सांगणे कमी खाऊ घालण्याचे नसून वेळेवर खाऊ घालण्याचे आहे. गरोदर स्त्रीला पुरेसा आहार, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर स्तनपानासोबत सकस अन्न, एवढे दोन वर्षांच्या आत घडावयास हवे. ती वेळ हुकल्यावर सहाव्या-सातव्या वर्षी तूपसाखरेने मूल गुटगुटीत करू पाहणे, ही भरपाई नव्हे. त्या वयात चरबी चढते. हुकलेली उंची तिने भरून निघत नाही.

म्हणून माझे मत असे, की वजनाबरोबर उंचीही नियमाने मोजावी आणि दोन्ही आलेखावर मांडाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेली वाढीची मानके ज्या सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून ठरली, त्यांत भारत होता. तेव्हा ती परकी म्हणून दूर सारण्याचे कारण नाही. एकट्या ठिपक्याने घाबरून जाऊ नये व हुरळूनही जाऊ नये. रेषा कोणीकडे चालली आहे ते पाहावे.

‘बाळसे’ हा शब्द मराठीने तान्ह्या मुलासाठीच राखून ठेवला आहे. शाळकरी मुलाने बाळसे धरले, असे आपण कधी म्हणत नाही. भाषेने पाळलेला हा विवेक आपल्या स्वयंपाकघरांतही पाळला जावा.