फिटची गोळी म्हाताऱ्यांनाही लागते, आणि रोज लागते

भातकापणी, झोडणी उरकली की आपल्या साखरशेत, जव्हार, मोखाड्याकडची तरणी माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. पाड्यावर मागे राहतात म्हातारी माणसं. त्यातल्या कुणाला फिट येत असेल तर त्याची गोळी आणायची कोणी?

फिट म्हणजे लहान मुलांचा आजार असं आपण धरून चालतो. पण साठीनंतर तो नव्याने सुरू होण्याचं प्रमाण वाढतं, विशेषतः लकवा मारल्यावर. दरवेळी हातपाय झटकतात असंही नाही. आजी मधेच एकटक बघत बसते, हाक मारली तरी ओ देत नाही, नंतर बराच वेळ गोंधळलेली असते. आपण म्हणतो, वय झालं. भगताकडे न्यायचं तर न्या, पण डॉक्टरला दाखवा.

आणि बरं वाटलं म्हणून किंवा संपली म्हणून गोळी अचानक बंद करू नका. फिट उलटून जोरात येते, कधी थांबतच नाही, जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नीट औषध मिळालं तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात.

म्हाताऱ्यांचा डोस कमी ठेवून सुरू करतात, हळूहळू वाढवतात. फेनिटॉइन थोडं जास्त झालं तरी तोल जातो, माणूस पडतो, खुबा मोडतो. कार्बामाझेपिनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. म्हणून बीपी-शुगरच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरला दाखवा.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पण त्या गोळीसाठी म्हातारीला दर महिन्याला गाडीभाडं घालून जव्हारला जावं लागलं, तर ती मोफत कसली?

मागणी साधी आहे. ज्यांचा डोस ठरलाय त्यांना स्थलांतराआधी आणि पावसाआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, त्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात. बीपी-शुगरसारखी फिटच्या पेशंटचीही यादी आशाताईंकडे असू द्या.

येत्या ग्रामसभेत हे मांडूया. आणि फिट आली तर कांदा-चप्पल नको, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.