धोका पाचव्या दिवशी संपत नाही

विंचूरच्या आमच्या वस्तीतील एक भगिनी व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जातात. पाटी उचलताना एकाएकी त्यांच्या डोक्यात घण बसावा तशी कळ आली. दोनदा उलटी झाली, मान ताठली. ऊन लागले असे सर्वांनी ठरवून टाकले. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी मीठ-मिरची ओवाळली. संध्याकाळी त्या हाकेला ओ देईनात, तेव्हा कुठे गाडी नाशिकला निघाली. ऊन लागले म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

मेंदूच्या तळाशी रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटून मेंदूभोवती रक्त पसरले होते. ऑपरेशन करून फुग्याच्या मुळाशी क्लिप बसवली. तिसऱ्या दिवशी बाईंनी चहा मागितला. पाचव्या दिवशी थोरला मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, आता आईला घरी न्यायचं. तेवढे कागद करून द्या." रेशनकार्ड, आधार, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे फॉर्म ही सगळी कामे आमच्याकडेच होती. मुलाचे तरी काय चुकले? दोन माणसांची हजेरी बुडत होती, वर नाशिकचा खाण्यापिण्याचा खर्च.

डॉक्टरांनी मात्र सोडले नाही. सांडलेले रक्त जसजसे विरघळते तसतशी त्यातील द्रव्ये रक्तवाहिन्यांना बाहेरून चाळवतात आणि त्या आवळू लागतात. हे पहिल्या दिवशी होत नाही. साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत हा धोका असतो, सातव्याच्या आसपास सर्वांत जास्त. रक्त कमी पडले की मेंदूचा तेवढा भाग मरतो. म्हणजे फुटलेली वाहिनी बंद करूनही माणूस अर्धांगाने जाऊ शकतो.

हे आवळणे वेळेत कळावे म्हणून रोज सकाळी एक यंत्र खाटेजवळ आणत. सोनोग्राफी म्हटले की आपल्याला बाळंतपणाची आठवते, ही डोक्याची. कानाच्या पुढे, कानशिलावर हाड पातळ असते. तिथे जेली लावून पेनासारखी दांडी टेकवतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. लासलगाव स्टेशनवर न थांबणारी गाडी येताना शिट्टी बारीक ऐकू येते आणि पुढे गेली की जाड होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचे कारण ऑस्ट्रियाच्या डॉप्लर या शास्त्रज्ञाने 1842 मध्ये मांडले. वाहत्या रक्तावरून परतणारा ध्वनीही असाच बदलतो, त्यावरून रक्ताचा वेग निघतो. कवटीतून हा वेग मोजण्याची रीत रुने आस्लिद यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केली.

पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार जोरात उडते. रक्तवाहिनीचेही तसेच. मेंदूच्या मधल्या धमनीत वेग सेकंदाला साधारण साठ सेंटिमीटर असतो. 120 च्या वर गेला की संशय, 200 च्या वर गेला की वाहिनी फारच आवळली असे समजतात. ताप किंवा रक्त कमी असले तरी वेग वाढतो, म्हणून मानेतल्या वाहिनीचा वेगही मोजून तुलना करतात. काहींचे, विशेषतः वयस्कर बायांचे, कानशिलाचे हाड जाड असते; तिथून ध्वनी आत शिरत नाही. मग सी. टी. अँजिओग्राफीचा आधार घ्यावा लागतो.

आमच्या बाईंचा उजव्या बाजूचा आकडा रोज चढत गेला. सातव्या दिवशी पहाटे त्यांचा डावा हात गळाला, बोलणे अडखळले. डॉक्टर वाटच पाहत असल्यासारखे धावले. औषधाने रक्तदाब वाढवला, म्हणजे अरुंद वाटेनेही रक्त पुढे जावे. दुपारपर्यंत बोट हलले. त्या पहाटे त्या विंचूरला घरी असत्या तर? थोरला मुलगा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. तो आमच्याशी दिवसभर एक शब्द बोलला नाही.

निमोडिपिनच्या गोळ्या एकवीस दिवसांच्या, दर चार तासांनी, रात्रीच्याही. विसाव्या दिवशी घरी सोडले तेव्हा एक दिवसाच्या उरल्या होत्या. रात्री दोनच्या गोळीला धाकट्या सुनेने मोबाईलचा गजर लावला होता. बाई आता पुन्हा खळ्यावर जातात, पाटी मात्र उजव्या हातानेच उचलतात.