मी कोण? आणि कप कोण विसळणार?

आमचे एक शेजारी निवृत्त झाल्यापासून 'मी कोण?' या प्रश्नाच्या मागे लागले आहेत. लागोत बापडे! पण भाजीची पिशवी दिसली की 'देह म्हणजे मी नव्हे', आणि चहा पाणचट झाला की तोच विदेही आत्मा बायकोवर खेकसतो. याला मी ज्ञानयोग म्हणणार नाही. ही शुद्ध पळवाट झाली. अहो, शांकर वेदान्तात आत्मविचाराआधी विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मुमुक्षा सांगितली आहे. त्या सहांत तितिक्षा, म्हणजे निमूट सोसणं, आहेच. निसर्गदत्त महाराजांनी तर मुंबईत विडीचं दुकान चालवून संसार केला. आणि रमण महर्षी सांगत, विचार उठला की तो कोणाला उठला ते शोधा. तेव्हा साहेब, चहा पाणचट नेमका कोणाला लागला, ते शोधा. सापडेपर्यंत निदान कप तरी विसळून ठेवा!