चिऊताईच्या घरट्याची मजुरी किती?

मार्च उजाडला की गावोगाव चिमण्यांची घरटी वाटण्याची लाट येते. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला. तेव्हापासून ही लाकडी घरटी आपल्या चांगलीच ओळखीची झाली. गरजही खरीच आहे. पूर्वी कौलांच्या फटीत, आढ्याला, नाहीतर भिंतीवरच्या फोटोमागे चिऊताईचा संसार थाटलेला असायचा. स्लॅबच्या घरात ती बिचारी शिरणार कुठून?

ही घरटी अनेक ठिकाणी बचत गटाच्या बायका बनवतात. जुन्या खोक्यांच्या फळ्या, करवंट्या, जाड पुठ्ठे, असं टाकाऊतून टिकाऊ. आपण तोंडभरून कौतुक करतो आणि पुढच्याच क्षणी भाव पाडतो. "फुकटच्या फळ्या तर आहेत, दीडशे कसले? पन्नासला द्या!" प्रदर्शनाच्या स्टॉलवर हे मी कितीदा ऐकलंय. अहो, फळी टाकाऊ असेल, त्या बाईचा वेळही टाकाऊ आहे का?

फळीचे गंजके खिळे उपसायचे, रंधा मारायचा, मग सव्वा इंचाचं गोल भोक पाडायचं. भोक मोठं झालं की साळुंकी घर बळकावते. तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रं हवीत. साफसफाईसाठी एक बाजू उघडती हवी. पत्र्याचं केलं तर काम झटपट होतं, पण उन्हात पिल्लं होरपळतात. एवढं सगळं नीट करून दिवसाला चार घरटी होतात असं धरू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तेवढीच द्यायची म्हटली तरी एका घरट्यामागे ७८ रुपये नुसती मजुरी झाली. खिळे, तार, टेम्पोचं भाडं वेगळंच. आता सांगा, पन्नासला मागायचं कुठल्या तोंडाने?

मोठ्या शहरांतल्या दुकानांत अशा वस्तूंवर 'फेअर ट्रेड'चा शिक्का दिसतो. फेअर ट्रेड म्हणजे रास्त व्यापार. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनची याबाबत दहा तत्त्वं आहेत. किंमत एकाने लादायची नाही, दोघांनी बोलून ठरवायची, हे त्यातलंच. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते दुसरं. हस्तकलेची ऑर्डर देताना कारागिराने मागितली तर निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. आमच्या भागातल्या एका गटाने मार्चमध्ये दोनशे घरटी पोचती केली, पैसे मिळाले दिवाळीच्या तोंडावर! मधल्या काळात खिळे-फळ्यांची उधारी बायकांनी आपल्या खिशातून फेडली. वाटणाऱ्यांचे फोटो मात्र दुसऱ्याच दिवशी छापून आले होते.

दहा बायकांच्या गटाला तो शिक्का मिळवायची फी आणि कागदपत्रं कुठून झेपणार? म्हणून शिक्का शोधत बसण्यापेक्षा सरळ विचारावं, "बनवणारीला यातले किती मिळतात?" गटाची बाई चटकन सांगते. विकत आणून विकणारा गडबडतो.

आणखी एक सुचतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे नि गाळण्या लुटतो. त्याऐवजी घरटं लुटलं तर? चिमण्या जागा शोधू लागायच्या आत ते घराघरांत पोचेल. फक्त चाळीस-पन्नास वाणं एकदम हवी असतील तर गटाला दिवाळी झाल्या झाल्या सांगायला हवं, आणि निम्मे पैसे त्याच दिवशी हातावर ठेवायला हवेत.