कार्बनची सायकल की अ‍ॅल्युमिनियमची?

"डॉक्टर, सायकल चालवा म्हणालात, मग कार्बनचीच घेऊ का? हलकी असते म्हणतात." शुगर किंवा वजनासाठी सायकल सुचवली की हा प्रश्न हल्ली हमखास येतो. माझं मत स्पष्ट आहे. आगर, नरपड, चिखले, बोर्डी या पट्ट्यात तब्येतीसाठी रोड बाइक घेणार असाल, तर अ‍ॅल्युमिनियमची घ्या.

आधी हलकेपणाचं पाहू. या दोन सायकलींमधला फरक साधारण एक-दीड किलोचा, म्हणजे पाण्याच्या एक-दोन भरलेल्या बाटल्यांइतका. आपला किनाऱ्याचा रस्ता जवळजवळ सपाट. इथे तुम्हाला खरा अडवतो तो वारा, आणि फ्रेम कशाची आहे याचं वाऱ्याला काही पडलेलं नसतं. शिवाय शुगर उतरते ती स्नायूंनी काम केल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ती मिनिटं दोन्ही सायकलींवर सारखीच भरतात.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. अशा शर्यतीत एकेका ग्रॅमचा हिशेब शोभतो. तुम्हाला सकाळी बोर्डीला जाऊन यायचं आहे.

कार्बन हादरे कमी करतो, हे खोटं नाही. पण २३ ऐवजी २८ मिलिमीटरचे टायर घालून हवा थोडी कमी ठेवली, तर त्याहून जास्त फरक पडतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहातातली नस दबते आहे. हँडल उंच करा, हाताची जागा बदलत राहा. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. वाचलेल्या पैशांतून नीट फिटिंग करून घ्या आणि हेल्मेट, दिवे घ्या. फ्रेम कितीही महाग असली, तरी चुकीच्या मापाची सायकल गुडघा दुखवणारच. (छातीत दुखत असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल, तर खरेदीच्या आधी तपासणी.)

पडण्याचंही बोलायला हवं. अ‍ॅल्युमिनियमला पोचा आला तर बहुधा डोळ्यांना दिसतो. कार्बन आतून तडकलेला असला, तरी वरून रंग शाबूत असू शकतो, आणि मग तो कधीतरी वेगात असताना अचानक तुटू शकतो. आपल्याकडे तो तपासणारा जाणकार सहज मिळत नाही.

कार्बन गंजत नाही, पण त्याला टेकलेले अ‍ॅल्युमिनियमचे भाग खाऱ्या हवेत लवकर खराब होतात. सीटची दांडी आत चिकटून बसते. त्यामुळे कार्बनची आधीच घेतली असेल, तर दांडी दर दोन-तीन महिन्यांनी काढून पुसा आणि कार्बनची पेस्ट लावून बसवा. किनाऱ्यावरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने हलकेच धुवा, जोराचा फवारा नको. चेन कोरडी करून तेल द्या. हे अ‍ॅल्युमिनियमवाल्यांनाही चुकलेलं नाही.