धबधब्याचे भक्त, नदीचे वैरी

निसर्गप्रेम नावाचा जो एक नवा कुळाचार आमच्याकडे रुजला आहे, त्याविषयी मला चार कडू शब्द लिहायचे आहेत. दिवाळीच्या दिवसांत कडू बोलू नये, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीला आधी कारीट फोडायचे, ते जिभेला लावायचे आणि मगच फराळाला बसायचे, ही रीत आमच्या आज्यांनीच घालून दिली आहे. तेव्हा वाचकांनी हा लेख कारिटाच्या जागी मानावा.

आषाढ लागला, की रविवारी सकाळी हातकणंगल्यातून मोटारी निघतात. अतिग्रे, हेर्ले मागे टाकून, शिरोलीला पंचगंगा ओलांडून, कोल्हापूर गाठून त्या राधानगरीच्या वाटेला लागतात. पुढे रस्ता डोंगराला बिलगतो, धुके काचेवर येते, आणि राऊतवाडीच्या धबधब्यापाशी मंडळी उतरतात. भिजतात, भाजलेली कणसे खातात, मोबाईलवर छायाचित्रे काढतात. ज्यांची हौस मोठी, ते दाजीपूरच्या रानातून फोंडा घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन येतात. रात्री घरी परतल्यावर सर्वांच्या तोंडी एकच उद्गार असतो : काय ते पाणी!

या आनंदाशी माझे भांडण नाही. आठवडाभर मागाच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या माणसाने एक दिवस पाण्याचा आवाज ऐकावा, यात वाईट ते काय? दरसाल बंदीचे फलक लावून मोकळे होणाऱ्यांच्या पंगतीतही मी बसत नाही. जिथे जिवाला धोका तिथे अटकाव हवाच. 2024 साली लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली, ते कोणी विसरू नये. माझे भांडण आहे ते त्या उद्गाराशी. 'काय ते पाणी' म्हणणाऱ्याने 'ते पुढे जाते कुठे' असे विचारलेले मी अजून ऐकलेले नाही.

ते जाते कुठे, हे सांगतो. राधानगरीच्या डोंगरांवरून पूर्वेला उतरणारे पाणी भोगावती आणि दूधगंगा या दोघी वाटून घेतात. भोगावतीवर शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरणाचे काम हाती घेतले. त्या धरणाचे सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, आणि ते उघडल्याची बातमी आली की सारा जिल्हा कान टवकारतो. हीच भोगावती पुढे कासारी, कुंभी आणि तुळशी यांच्याशी मिळून पंचगंगा होते, आमच्या तालुक्याच्या दक्षिण अंगाने इचलकरंजीवरून वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेच्या कुशीत शिरते. म्हणजे ज्या डोंगराचे पाणी पाहायला आपण पेट्रोल जाळीत जातो, त्या डोंगराचे पाणी पायी चालत आपल्या दाराशी येते. दाराशी आलेल्या या पाहुणीचे स्वागत आपण कसे करतो?

कोल्हापूरचे सांडपाणी जयंती नाल्यातून तिच्या अंगावर येत राहिले. गावोगावची गटारे तिला मिळाली, कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी मिळाले. इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला. त्या मागांनी हजारो घरांच्या चुली पेटवल्या, याचा मला अभिमान आहे. पण कापडावर जो रंग चढला, त्याचे धुवण नदीने सोसले, हेही तितकेच खरे. उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या तेरवाडच्या बंधाऱ्यावर फेस साचल्याच्या आणि मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण इतक्यांदा वाचल्या, की आता त्या वाचवतही नाहीत. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. त्या वर्षीच्या पावसाळ्यातही धबधबे वाहतच होते.

आता या शहराने काय केले ते पाहा. पंचगंगा नासली, म्हणून मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणले. ते पुरेना, म्हणून वारणेकडे बोट दाखवले. दानोळीकर आडवे झाले. मग दूधगंगा आठवली; सुळकूडची योजना मंजूर झाली आणि कागलकडची काठची गावे विरोधाला उभी राहिली. तहानलेल्याला पाणी द्यावे की नाही, असा वाद मी घालणार नाही, द्यावेच. परंतु जवळचे नासवायचे आणि लांबचे निर्मळ शोधायचे, ही वृत्ती मला रविवारच्या मोटारीत दिसते तशीच या नळांतही दिसते. लांबचा नळ एकदा आला, की पंचगंगा शुद्ध व्हावी अशी गरज ज्या शहराला होती, त्याचीच गरज संपेल. मग तिच्या वतीने ओरडायला उरतील ती खालच्या अंगाची गावे, आणि त्यांचा आवाज आजही वर पोचत नाही.

'दोष कारखान्यांचा आणि सरकारचा. आम्ही सहलीला जाणाऱ्यांनी काय घोडे मारले?' असा प्रश्न येईल, हे मी जाणून आहे. ज्याचा दोष त्याच्या पदरात अवश्य घालावा. जलप्रदूषणाचा कायदा 1974 सालापासून आहे. पण कायद्याला जागे ठेवणारी माणसे लागतात, आणि ती माणसे दर रविवारी दुसऱ्याच पाण्याला गेलेली असतात. धबधब्यापाशी रस्ता रुंद करा, मोटारी लावायला जागा करा, अशी मागणी करणारे मला पुष्कळ भेटतात. मत मागायला आलेल्या उमेदवाराला तेरवाडच्या फेसाचा जाब विचारणारे किती, हे ज्याचे त्याने मोजावे.

म्हणून माझे एक सांगणे आहे. येत्या वैशाखात एकदा मोटार उलट्या दिशेला वळवा. तेरवाड राऊतवाडीहून पुष्कळच जवळ आहे, घाटही लागत नाही. मुलांना बरोबर घ्या, बंधाऱ्यावर उभे राहा, हवे तर छायाचित्रही काढा. मूल नाक दाबून विचारील, हे कुठले पाणी? तेव्हा त्याला खरे उत्तर द्या. म्हणा, बाळ, हे राधानगरीचेच.